‘जरा धर रे!’ म्हणण्यापूर्वी

रविवारी माझा दवाखाना बंद असतो. पण लहान गावात डॉक्टरचे घर आणि दवाखाना एकाच जिन्याच्या वरखाली असतात, तेव्हा बंद असते ती फक्त पाटी. काही महिन्यांपूर्वी अशाच एका रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास दाराची कडी जोरजोरात वाजली. दारात आमच्याच आळीतले एक गृहस्थ उभे होते. अंगात बनियन, हात कोपरापर्यंत काळ्या ऑइलने माखलेले आणि कडेवर नऊ वर्षांचा मुलगा. एवढ्या मोठ्या मुलाला एरवी कोणी कडेवर घेत नाही. मुलाच्या उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला होता आणि त्या टॉवेलचा मूळ रंग ओळखू येत नव्हता.

झाले होते ते असे. गाडी नव्या पद्धतीची, तिला डबल स्टँड नाही. चेन साफ करायची तर मागचे चाक अधांतरी हवे. तेव्हा गृहस्थांनी गाडी साइड स्टँडवर कलती केली, खांद्याने रेटून धरली आणि मोकळ्या हाताने मागचे चाक फिरवू लागले. मुलाला म्हणाले, “तू फडक्याने चेन पुसत जा.” मुलगा आनंदाने पुसू लागला. दोन-तीन फेरे नीट झाले. मग फडके चेनबरोबर आत गेले आणि फडक्याबरोबर बोट. चेन आणि मागचे दातेरी चाक यांच्यामध्ये तर्जनीचे टोक अडकले.

यापुढचा भाग वाचकांनी जरा सावकाश वाचावा. मुलगा किंचाळला तेव्हा वडिलांना एका हाताने काही करता येईना आणि दुसरा हात मोकळा होईना. गाडी सोडावी तर ती मुलाच्या अंगावर येणार, न सोडावी तर बोट सुटणार नाही. स्वयंपाकघरातून मुलाची आई धावत आली आणि तिने चाक उलटे फिरवले, तेव्हा कुठे बोट निघाले. तोपर्यंत किती वेळ गेला, ते दोघांनाही सांगता आले नाही.

मुलाला मी प्राथमिक उपचार करून जिल्ह्याच्या गावी पाठवले. तर्जनीचे वरचे पेर वाचले नाही. चेनने कापलेले बोट सुरीने कापल्यासारखे नसते, ते चिरडलेले असते, आणि चिरडलेला तुकडा परत जोडणे पुष्कळदा शक्य होत नाही. माझ्या दवाखान्याच्या बाकावर बसून ते गृहस्थ एकच वाक्य पुन:पुन्हा म्हणत होते, “मी धरली होती हो गाडी. घट्ट धरली होती.”

सारे दुखणे त्या वाक्यातच आहे. गाडी माणसाने धरली होती.

धरणारा अडकतो

आता कोणी म्हणेल, डॉक्टर, आरोग्याच्या सदरात मोटारसायकलच्या दुरुस्तीचे काय काम? काम आहे. मलेरिया झाल्यावर गोळ्या देणे जसे आमचे काम, तसे डबकी बुजवा म्हणून सांगणे हेही आमचेच काम. रविवारी, आणि त्यातून दसऱ्याच्या आदल्या दिवशी, अंगणात गाडी धुण्याचा आणि दुरुस्त करण्याचा जो सोहळा चालतो, त्यातून उठून आलेले रुग्ण मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. कोणाच्या पोटरीला सायलेन्सरचा चटका, कोणाच्या पायावर गाडी, कोणाच्या कमरेत चमक, कोणाच्या बोटाचे नख उपटलेले. या सगळ्यांची हकिकत विचारली की सुरुवात बहुतेक एकाच शब्दांनी होते, “याला म्हटलं, जरा धर रे!”

घरी गाडीची देखभाल करू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. चेनला तेल देणे, ऑइल बदलणे, ब्रेक आवळणे, प्लग साफ करणे ही कामे ज्याला जमतात त्याने जरूर करावीत. पैसे वाचतात, गाडी कळते आणि मुलांनाही हाताने काम करण्याची गोडी लागते. माझा आक्षेप आहे तो टेकूला. गाडीचे काम करताना गाडी कशावर तरी पक्की उभी असली पाहिजे आणि ते ‘कशावर तरी’ म्हणजे माणूस असता कामा नये.

बैलाला नाल मारताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना हे चटकन पटेल. नालबंद बैलाला आधी जमिनीवर निजवतो, त्याचे पाय दोरीने बांधतो आणि मगच हातोडा हाती घेतो. ‘तू बैल धर, मी नाल मारतो’ असे तो म्हणत नाही. ते जनावर जिवंत आहे, कधी हिसका देईल सांगता येत नाही, हे त्याला माहीत असते. मोटारसायकल निर्जीव, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण निर्जीव वस्तूलाही वजन असते, आणि वजन कोणाचे मित्र नसते.

स्प्लेंडरसारखी शंभर सीसीची गाडी सुमारे ११० किलो भरते, म्हणजे सिमेंटच्या दोन पोत्यांहून जास्त. दीडशे सीसीच्या गाड्या १४० किलोंच्या आसपास, आणि बुलेट तर १८० किलोंच्या पुढे. गंमत अशी की, सरळ उभी असलेली गाडी एका हाताने, अगदी दोन बोटांनीही तोलून धरता येते. याचमुळे माणूस फसतो. गाडी जरा कलली की हातावरचा भार वाढतो, आणखी कलली की झपाट्याने वाढतो आणि एका मर्यादेपलीकडे पैलवानालाही ती आवरत नाही. जी गाडी दहा वर्षांच्या पोराने आत्ता सहज धरली होती, तीच पुढच्या क्षणी त्याला खाली घेऊन पडते.

तीन दगडांची चूल

चुलीला तीन दगड लागतात. दोन दगडांवर भांडे राहत नाही, हे शेतावर भाकरी-आमटी करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. डबल स्टँडवर लावलेली मोटारसायकल हीसुद्धा तीन दगडांची चूलच आहे. स्टँडचे दोन पाय हे दोन दगड आणि जमिनीला टेकलेले पुढचे चाक हा तिसरा. तुम्ही पुढचे चाक काढायला घेतलेत की तिसरा दगड गेला. मग त्याच्या जागी इंजिनाच्या पुढच्या बाजूखाली दुसरा भक्कम आधार आलाच पाहिजे, आणि तो चाक काढण्याच्या आधी आला पाहिजे.

हा आधार म्हणून आपल्याकडे काय वापरतात? अर्धी वीट. नाही तर बांधकामावरून आणलेला सिमेंटचा पोकळ ठोकळा. हे दोन्ही भार सोसताना आधी वाकत नाहीत, सूचना देत नाहीत, एकदम फुटतात. विटेवर उभे राहणे एका पंढरीच्या विठोबाला साधले, आपल्या मोटारसायकलला ते साधणार नाही. आधार लाकडाचा घ्यावा. रुंद, सपाट, न चिरफळलेला ओंडका असावा. मोटारीचा जॅक वापरायचा तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. जॅकने उचलले की शेजारी लाकडी ठोकळे रचून भार त्यांच्यावर द्यावा. जॅक आणि इंजिन यांच्यामध्ये फळी ठेवावी. ऑइलच्या बोल्टखाली किंवा सायलेन्सरखाली टेकू कधीच देऊ नये.

दुसरी गोष्ट जमिनीची. सारवलेल्या अंगणात, विशेषत: पावसाळ्यात, स्टँडचा पाय हळूहळू रुततो. गाडी उभी केली तेव्हा ठीक असते, अर्ध्या तासाने आपण खाली वाकलेले असताना ती कलते. शहाबादी फरशीचे अंगण असेल तर तिला मोरीकडे उतार असतो, आणि गाडी धुतल्यावर ती फरशी किती निसरडी होते ते सांगायला नको. म्हणून जागा सपाट, कोरडी आणि टणक निवडा. माती असेल तर स्टँडच्या पायांखाली जाड फळी घाला.

तिसरी गोष्ट, गाडी पुढे सरकू न देण्याची. डबल स्टँडवरची गाडी पुढे ढकलली गेली की स्टँड दुमडतो आणि गाडी खाली येते. रोज आपण ती अशीच खाली घेतो. पण आपण मागच्या चाकाचा नट जोर लावून ओढत असतो, तेव्हाही ती नेमकी अशीच खाली येऊ शकते. त्याला उपाय साधा आहे. पुढच्या चाकाला पुढून लाकडी गुटका लावा. जुन्या ट्यूबची पट्टी कापून पुढचा ब्रेक मुठीला आवळून बांधा. आणि स्टँडच्या पायाला मजबूत दोरी बांधून ती चेसिसच्या पुढच्या नळीला ताणून घट्ट करा, म्हणजे स्टँड दुमडणारच नाही. या तिन्हीला मिळून पाच मिनिटे लागत नाहीत.

जे नट फार घट्ट असतात, ते गाडी साइड स्टँडवर, दोन्ही चाके जमिनीवर असतानाच जरासे सैल करून घ्यावेत. गाडी उचलल्यावर पान्यावर लाथ मारणे म्हणजे झाडाच्या ज्या फांदीवर बसलो तीच तोडणे.

चेन, किल्ली आणि मुले

चेनच्या बाबतीत माझे तीन नियम आहेत आणि त्यांत सवलत नाही. पहिला, किल्ली गाडीला नव्हे, खिशात. इंजिन सुरू करून, पहिल्या गिअरमध्ये टाकून फिरत्या चेनला फडके लावणारे बहाद्दर मी पाहिले आहेत, आणि त्यांतल्या काहींची बोटेही पाहिली आहेत. दुसरा, चाक फिरवणारा हात आणि चेन पुसणारा हात एकाच माणसाचे असावेत. आपण फिरवतो आणि दुसरा पुसतो, इथेच घात होतो. कारण एकाचे थांबणे दुसऱ्याला वेळेवर कळत नाही. तिसरा, चाक फिरत असताना फडके नको. लांब दांड्याचा ब्रश वापरा. पुसायचे ते चाक थांबवून, चेनच्या मधल्या भागात, दातेरी चाकांपासून दूर.

लुंगी, ओढणी, हातातला दोरा, अंगठी, कडे हे सारे कामापूर्वी बाजूला ठेवावे. पायात स्लिपर नको, बंद बूट हवेत. सायलेन्सर निवू द्यावा. बंद खोलीत किंवा बोळात इंजिन सुरू ठेवू नये. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने ओळखू येत नाही आणि माणसाला बेशुद्ध करतो. काम संपल्यावर चेनकव्हर आणि साडीगार्ड परत बसवल्याशिवाय उठू नये. मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकलेला असावा, हे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितले आहे. ‘पुढच्या रविवारी बसवू’ म्हणून माळ्यावर टाकलेले साडीगार्ड पुढे कोणाच्या पदराला महागात पडेल, ते सांगता येत नाही.

आणि मुले? मुलांना हाकलून देऊ नका. त्यांना काम बघू द्या, विचारू द्या. पण त्यांची जागा ठरवून द्या. गाडीची जेवढी उंची, त्याहून जास्त अंतरावर त्यांनी थांबावे. पाने हातात देणे, काढलेले नट क्रमाने ताटलीत मांडणे ही कामे त्यांची. गाडी धरणे हे त्यांचे काम नाही, आणि तिच्याखाली हात घालणे तर नाहीच नाही.

कंबर सांभाळा

कमरेच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत तरुणांची संख्या पुष्कळ असते. गाडी डबल स्टँडवर लावताना ते कमरेत वाकून, दोन्ही हातांनी गाडी वर ओढतात. हे काम हातांचे नाही, पायाचे आहे. गाडीच्या डाव्या बाजूला उभे राहा. डावा हात हँडलवर, उजवा सीटखालच्या पकडीवर ठेवा. उजव्या पायाने स्टँड खाली दाबा आणि त्याचे दोन्ही पाय जमिनीला टेकले का, ते गाडी किंचित हलवून पाहा. मग पाठ ताठ ठेवून शरीराचा सगळा भार त्या पायावर द्या. गाडी आपसूक मागे सरकून वर बसते. हातांनी फक्त दिशा द्यायची.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. गाडी पडू लागली तर पडू द्या! हे ऐकताना अनेकांच्या जिवावर येते. हप्ते अजून फिटलेले नसतात. पण पडती गाडी अंगाने अडवणे म्हणजे हाडे तिच्याखाली देणे आहे. आरसा फुटेल, टाकीला पोचा येईल. पोचा काढणारा कारागीर गावात मिळतो. घोट्याचे हाड मात्र पुन्हा पहिल्यासारखे होईलच, अशी हमी मी काय, मोठ्या इस्पितळातला सर्जनही देणार नाही. गाडी कलली की हात सोडा आणि मागे व्हा. ‘सोड!’ हा शब्द घरातल्या प्रत्येकाला शिकवून ठेवा.

पडलेली गाडी उचलतानाही घाई नको. आधी किल्ली बंद करा आणि कॉक असेल तर तोही बंद करा. पेट्रोल सांडले असेल तर आसपास विडी-काडी नको. मग सीटकडे पाठ करून गुडघ्यांत बसा आणि पायांच्या जोरावर मागे रेटत उठा.

तरीही इजा झालीच तर

गाडी पायावर पडली तर पाय ओढून काढू नका. आधी गाडी उचला. घोटा सुजला तर चोळू नका, ‘नस बसवायला’ नेऊ नका. पाय आहे तसा फळीला बांधा आणि फोटो काढून घ्या.

चटका बसला तर साध्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटे धरा. घड्याळ लावून वीस मिनिटे. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद यांपैकी काहीही लावू नका. ते धुऊन काढताना रुग्णाला दुप्पट यातना होतात.

बोट तुटले तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरा. अंगठी असेल तर सूज येण्यापूर्वी काढा. तुटलेला तुकडा ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका, तो गारठून निकामी होतो. आणि वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. ऑइल-मातीत झालेल्या कोणत्याही जखमेनंतर धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारायला विसरू नका.

कमरेत चमक भरल्यावर पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा आपोआप होऊ लागली, तर शेक देत घरी बसू नका. त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

वर्गणीचा स्टँड

शेवटी जरा कडू बोलतो. नव्या गाडीला आपण सीट कव्हर घालतो, रंगीत दिवे लावतो, नंबर प्लेटवर मुलांची नावे लिहून घेतो. पण जिला डबल स्टँड नाही, तिच्यासाठी मागचे चाक उचलून धरणारा लोखंडी स्टँड घ्यायचा म्हटले की आपल्याला खर्च आठवतो. हा स्टँड बऱ्या हेल्मेटच्या किमतीच्या आसपास मिळतो. गाडी त्यावर चढवताना एक मोठा माणूस मदतीला लागतो, हे खरे. पण गाडी बसली की त्याने बाजूला व्हायचे असते. विकणाऱ्यांनीही गाडी देताना ‘हिला डबल स्टँड नाही, घरी काम करायचे तर हे घ्या’ एवढे एक वाक्य बोलावे.

एकट्याला परवडत नसेल तर आळीने मिळून घ्यावा. लग्नकार्याची मोठी पातेली गावात सामाईक असायची. गणपतीला आपण वर्गणी काढतोच. तशीच एक छोटी वर्गणी काढून आळीत एक स्टँड, एक जॅक आणि चार लाकडी ठोकळे ठेवायला काय हरकत आहे? आपण हे करत नाही, कारण स्टँडला पैसे पडतात आणि घरातल्या माणसाचा हात फुकट असतो. ‘जरा धर रे’ म्हणायला दमडी लागत नाही. लागते ती नंतर.

ते गृहस्थ मधे एकदा भेटले. मुलाची जखम भरली आहे. पेन्सिल तो आता मधल्या बोटावर पेलतो, अक्षरही बरे येते. मी विचारले, “गाडीचं काम घरीच करता का अजून?” म्हणाले, “करतो. स्टँड घेतला.” मुलगा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, “मी लांब बसतो आणि बाबांना पाने देतो. दहा-अकराचा कोणता, बारा-तेराचा कोणता, मला न बघता कळतं.”

येत्या रविवारी गाडी बाहेर काढाल तेव्हा तोंडात ‘जरा धर रे’ येईलच. ते गिळून टाका आणि आधी टेकू शोधा.